आठवीतल्या लेकीचं बीजगणित आणि ‘बरोबर’चं चिन्ह

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. पाचवीपर्यंत तिला गणितात कधी अडलं नाही. पाढे, भागाकार, सगळं चोख. सहावीत बीजगणित सुरू झालं आणि मार्क घसरत गेले. या घटक चाचणीत २० पैकी ६. क्लासचे सर म्हणतात, पाया कच्चा आहे, आणखी एक बॅच लावा. माझा भाचा आमच्याकडे राहून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकतो. तो तिला सांगतो, ‘डोकं चालवू नकोस, पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, एवढं पाठ कर.’ सासूबाई म्हणतात, आपल्या घराण्यात कुणालाच गणित नाही. मला स्वतःला बीजगणिताची इतकी धास्ती होती की तिची वही उघडताना अजूनही पोटात गोळा येतो. धाकटा दुसरीत आहे, त्याचंही असंच होईल का? दुसरा क्लास लावू का? वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवते आहे.
– एक आई, मिरज

उत्तर:

ताई, नमस्कार.

दुसरा क्लास लावू नका. निदान दोन महिने तरी नको. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण ही की तिथे तिला हीच उदाहरणं, याच पद्धतीनं, आणखी जास्त करायला लावतील. तुमच्या लेकीचं घोडं सरावापाशी अडलेलंच नाही.

वहीची दोन्ही पानं मी तीन-चारदा वाचली. चुका आहेत, पण त्या वेंधळेपणाच्या नाहीत. सगळ्या एकाच मुळातून आल्या आहेत. जी मुलगी मनापासून काहीतरी अर्थ लावायचा प्रयत्न करते, तिच्याच चुका अशा एका जातीच्या असतात. अंदाजपंचे लिहिणाऱ्या मुलांच्या चुका दर ओळीला बदलतात. तेव्हा घराण्याचा विषय आजच बंद करा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

पहिल्या पानावर वह्यांच्या दुकानाचं उदाहरण आहे: ४५ वह्या होत्या, २० आल्या, ८ विकल्या, ३ परत आल्या. लेकीनं लिहिलंय: ४५ + २० = ६५ − ८ = ५७ + ३ = ६०. उत्तर ६० आलं, सरांनी बरोबरची खूण केली, विषय संपला. पण ती ओळ जशी लिहिली आहे तशी वाचून बघा. ४५ आणि २० मिळून ६५. हे ६५ − ८ च्या बरोबर कसे? तिकडे तर ५७ आहेत. तिच्या लेखी ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच आहे. दोन्हीकडचं सारखं असतं, ही गोष्ट त्या चिन्हात तिला दिसतच नाही.

यात तिचा दोष नाही. पहिलीपासून पाचवीपर्यंत तिनं हजारो ओळी पाहिल्या असतील आणि जवळजवळ प्रत्येकीत डावीकडे गणित, मग ‘=’, मग उजवीकडे एक रिकामी जागा. आपली भाषाही थोडी फसवते. ‘पाच अधिक तीन बरोबर आठ’ असं आपण म्हणतो आणि उत्तर तपासतानाही ‘बरोबर!’ म्हणतो. मोठ्यांना ‘बरोबरी’तला बरोबर माहीत असतो, लहान मुलाच्या कानावर दिवसभर ‘चूक की बरोबर’मधला बरोबर पडत असतो. सेमीतलं ‘इज इक्वल टू’ ऐकलं तरी फरक पडत नाही, कारण सवय तोवर हाडीमाशी खिळलेली असते.

हे माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनला थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक साधं गणित घातलं होतं. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तुम्हीही आज रात्री दोन्ही मुलांना घालून बघा:

८ + ४ = □ + ५

चौकोनात काय येईल? सात. कारण दोन्हीकडे बारा व्हायला हवेत. त्यांनी विचारलेल्या सहावीच्या १४५ मुलांपैकी एकालाही सात सुचले नाहीत. बहुतेकांनी १२ लिहिले, म्हणजे आठ आणि चार बारा झाले, काम संपलं. काहींनी दिसतील तेवढे सगळे आकडे मिळवून १७ लिहिले. मॉन्ट्रियलच्या कॅरोलिन किरन यांनी हीच गोष्ट त्याआधी १९८१ मध्ये मांडली होती: मुलं या चिन्हाला ‘काहीतरी कर’ अशी आज्ञा समजतात. पुढे २००८ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा असल्या प्रश्नांची उत्तरं चिनी मुलांना जवळजवळ सगळ्यांना आली. त्या अभ्यासात दोन्हीकडची पाठ्यपुस्तकं आणि शिक्षक-पुस्तिकाही तपासल्या. चीनमध्ये हे चिन्ह पहिल्यापासून तुलनेसाठी वापरलं जात होतं. आधी ‘जास्त, कमी, सारखं’, बेरीज त्यानंतर. प्रश्न मेंदूचा नव्हताच, चिन्हाची ओळख कशी करून दिली याचा होता.

आता दुसरं पान उघडा. (तिच्या पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, आमच्या वेळी ‘क्ष’ असायचा. मी इथे क्ष लिहिते.)

२क्ष + ६ = २०
२क्ष = १४
क्ष = १४ − २ = १२

दुसरी ओळ अचूक आहे. तिसरीत घात झाला. का? तर तुमच्या भाच्यानं शिकवलेला नियम तिनं प्रामाणिकपणे पाळला. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.’ सहा पलीकडे गेला, अधिकचा उणे झाला. मग दोनही पलीकडे नेला आणि त्यालाही उणे केलं. नियमाच्या शब्दांप्रमाणे तिचं काय चुकलं? काहीच नाही. तो नियम म्हणजे एका मोठ्या युक्तिवादाचं शेपूट आहे आणि तिच्या हाती फक्त शेपूट आलंय. मूळ गोष्ट एवढीच: तागडीची दोन्ही पारडी सारखी आहेत, दोन्हीकडून सहा काढून घेतले तरी सारखीच राहणार. मग एका पारड्यात क्ष दोनदा आहे आणि दुसऱ्यात चौदा. दोन्हींचा निम्मा निम्मा वाटा केला तर क्ष म्हणजे सात. पलीकडे कुणीच जात नाही.

हल्ली दुकानात दोन पारड्यांची तागडी दिसत नाही, म्हणून हे नुसतं सांगून उपयोग नाही. कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या बांधा आणि दाराच्या मुठीला अडकवा. दोन्हीकडे सारखी बटणं टाका, मग एकीकडून तीन काढा. हँगर कलला की तिलाच विचारा, आता सरळ कसा करशील? आठवीतल्या मुलीला हे बालिश वाटेल, तर धाकट्याला करायला सांगा आणि तिला त्याची शिक्षिका करा. पुढे उणे संख्या आल्या की ही तागडी फारशी कामाची राहत नाही, पण तोवर तिचं काम झालेलं असतं.

त्याच पानावर खाली आहे: ३क्ष + ५ = ८क्ष. ही चूक मी वर्गात इतक्या वेळा पाहिली की सुरुवातीला मला राग यायचा. मग लक्षात आलं की हीही त्याच मुळाची फांदी आहे. ज्या मुलाला ‘=’ म्हणजे ‘उत्तर लिही’, त्याला ‘+’ म्हणजे ‘अजून काम बाकी आहे’. ३क्ष + ५ हे त्याला अर्धवट वाटतं. उत्तरात अधिक कसा राहील, बाई? म्हणून तो तीन आणि पाच मिळवून मोकळा होतो. लेकीपुढे बिस्किटांचे तीन बंद पुडे ठेवा, शेजारी पाच सुटी बिस्किटं. एका पुड्यात क्ष बिस्किटं. एकूण किती? ३क्ष + ५. पुडे फोडल्याशिवाय याहून पुढे जाताच येत नाही, आणि हेच पूर्ण उत्तर आहे. ‘८क्ष’ म्हणजे आठ पुडे. कुठे आहेत आठ? मग ताळा करायला लावा. पुड्यात दोनच बिस्किटं आहेत असं धरलं तर ३क्ष + ५ होतात ११ आणि ८क्ष होतात १६. ताळा करायची सवय पाचवीपर्यंत असते आणि बीजगणितात नेमकी सुटते. ती परत लावा. क्षच्या जागी आकडा घालून बघणं ही तिची सगळ्यात मोठी सोबत आहे, परीक्षेतसुद्धा.

बिस्किटांच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळा. क्ष म्हणजे पुडा नव्हे. क्ष म्हणजे पुड्यातल्या बिस्किटांची संख्या. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे सगळं यावर उभं राहतं. ‘३आ + २के म्हणजे तीन आंबे आणि दोन केळी, आंबे-केळी मिसळायची नाहीत’ असं कितीतरी ठिकाणी शिकवतात. मीही पहिली काही वर्षं शिकवलं, आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. त्या दिवशी ते पटकन समजतं आणि दोन वर्षांनी नडतं. आ × के म्हणजे काय, आंबा गुणिले केळं? इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेरा ते पंधरा वर्षांच्या सुमारे ३,००० मुलांची बीजगणिताची चाचणी घेतली गेली होती. डिटमार कुशमन यांनी त्या उत्तरपत्रिकांवरून दाखवलं की अक्षर म्हणजे संख्या, आणि तीही बदलू शकणारी, इथवर फार थोडी मुलं पोचतात. कुणी अक्षराकडे दुर्लक्ष करतं, कुणी त्याला वस्तू समजतं, कुणी वस्तूच्या नावाचं लघुरूप.

आपल्याकडे हा घोटाळा व्हायचं खरं तर कारण नव्हतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्यातल्या ‘बीजगणित’ भागात अज्ञात राशीला नाव आहे ‘यावत्तावत्’, लिहिताना नुसतं ‘या’. यावत् तावत् म्हणजे जितकं तितकं. नावातच सांगून टाकलंय की ही एक संख्या आहे, अजून माहीत नसलेली. दुसरी अज्ञात राशी आली तर कालक, तिसरी नीलक. म्हणजे काळा, निळा, असे रंग. वस्तूशी काहीही संबंध नाही. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता आणि तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. हे लेकीला जरूर सांगा. क्ष दिसला की मनात ‘जितकं तितकं’ म्हण, एवढंच सांगा. माझ्या वर्गात ज्या मुलींनी हे धरलं त्यांची आंब्या-केळ्यांतून सुटका झाली.

आणखी एक चूक आहे, ती फोटोत अगदी कडेला आली आहे: ९ − ४क्ष + २क्ष = ९ − ६क्ष. चार आणि दोन मिळवले, आधीचं उणे चिन्ह बाजूला राहिलं. ही बीजगणिताची चूकच नाही. तिला २५ − १० + ५ विचारा, बहुधा १० सांगेल. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमणियम यांनी मुंबईतल्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या सहावीच्या मुलांबरोबर यावर अनेक टप्प्यांत काम केलं, २०१२ मध्ये त्याचा लेख आला. त्यांचा मार्ग मला फार आवडतो: अक्षरं येण्याआधीच, आकड्यांच्या ओळीत प्रत्येक पदाला त्याच्या चिन्हासकट चौकट करायची. +२५ एक चौकट, −१० दुसरी, +५ तिसरी. चौकटी हव्या तशा हलवा, पण चिन्ह चौकटीबाहेर पडता कामा नये. मग उत्तर न काढता विचारायचं, १८ − ७ + ४ आणि १८ + ४ − ७ सारखे आहेत का? आणि १८ − ४ + ७? ज्या मुलाला हे आकड्यांत दिसलं त्याला क्ष आल्यावर वेगळं काही शिकावं लागत नाही. लेकीला पेन्सिलीनं चौकटी करू द्या. परीक्षेत केल्या तरी कुणी मार्क कापणार नाही.

आता रोजचं सांगते. जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. उदाहरणं सोडवायची नाहीत. पाठ्यपुस्तकातलं एक सोडवलेलं उदाहरण घ्यायचं, पुढच्या ओळी कागदानं झाकायच्या, आणि एकेक ओळ उघडत तिनं सांगायचं: इथून इथे कसं आलं आणि तसं करायला परवानगी का आहे. मग त्याच जातीचं एक तिनं करायचं. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये दाखवलं की सुरुवातीला नुसती उदाहरणं सोडवणाऱ्यांपेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं कमी वेळात शिकतात आणि त्या जातीच्या उदाहरणांत कमी चुकतात. सोडवताना सगळं बळ उत्तराकडे पळण्यात जातं, पायरीमागचं कारण बघायला फुरसत राहत नाही. आठवड्यातून दोनदा चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या, म्हणा कुण्या मुलानं असं लिहिलंय, कुठे चुकला शोध. तिची स्वतःची २क्ष = १४ वाली ओळ महिन्याभरानं अशीच पुढे ठेवा. ती हसून सांगेल काय चुकलंय ते.

तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल. अमेरिकेत २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास आहे: ज्या आईवडिलांना गणिताची धास्ती होती आणि तरी जे वारंवार गृहपाठाला बसायचे, त्यांच्या मुलांचं गणित वर्षभरात कमी पुढे गेलं आणि धास्ती वाढली. हे वाचून स्वतःला बोल लावून घेऊ नका. यातून माझ्या दृष्टीनं एवढंच निघतं की तुम्ही शिकवायला बसायचं नाही. तुम्ही विचारायला बसायचं. ‘मला नाही समजलं, तू सांग’ हे वाक्य तुमच्या तोंडी खरं आहे, नाटक करावं लागणार नाही. तिला सांगताना अडलं तर वहीवर खूण करून दुसऱ्या दिवशी शाळेत विचारू द्या. आणि ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे तिच्यासमोर बोलणं थांबवा. तिला ते दिलासा म्हणून पोचत नाही, वारसा म्हणून पोचतं.

धाकट्याची काळजी नको, उलट त्याच्या वयात हे सगळं स्वस्तात होतं. त्याला ‘३ + ४ किती’ याच्या जोडीला ‘७ = ३ + ४, खरं की खोटं?’ विचारा. ‘७ = ७’ हे खरं का? पुष्कळ मुलं नाही म्हणतात, कारण ‘यात गणितच नाही’. मी नंतर नंतर वर्गात ‘बरोबर’ऐवजी ‘तितकेच’ म्हणायला लागले होते: पाच अधिक तीन, आठाइतकेच. स्वयंपाकघरात तांब्या आणि पातेलं घ्या, कशात पाणी जास्त ते बघायला सांगा, मग दोन्ही सारखं करायला किती ओतावं लागेल ते विचारा. रशियात वसिली दाविदोव यांनी पहिलीच्या मुलांचं गणित याच वाटेनं सुरू केलं होतं: आधी लांबी, पाणी, वजन यांची तुलना, तीही अक्षरांनी लिहून, आकडे त्यानंतर. आणि चौथी-पाचवीत पोचला की अपूर्णांकांवर घाई करू देऊ नका. रॉबर्ट सीगलर यांच्या गटानं २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासल्या. दहाव्या वर्षी ज्यांना अपूर्णांक आणि भागाकार नीट उमगले होते, ती मुलं पाच-सहा वर्षांनी बीजगणितात पुढे दिसली, घरची मिळकत आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनही. म्हणून लेकीला सुद्धा एकदा विचारून बघा, ३/४ मोठा की २/३, आणि का. इथे ती अडली तर आधी दोन आठवडे अपूर्णांकच घ्या.

दोन महिन्यांनी शाळेतल्या बाईंना भेटा, क्लासच्या सरांना नको. मार्कांबद्दल विचारू नका. ‘ती आता पायऱ्यांची कारणं सांगते का?’ एवढं विचारा. तरीही गाडी हलली नसेल तर मला पुन्हा लिहा, मग शिकवणीचा विचार करू, आणि ती एकट्या मुलीला वेळ देणारी असेल, बॅच नसेल.

राहता राहिला भाचा. त्याच्यावर रागावू नका, त्यानं मायेनंच सांगितलंय. पण त्याला हे विचारा: ‘एका कॉलेजात एकेका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व, प्राध्यापकांची प. समीकरण लिही.’ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जॉन क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलांना असाच प्रश्न घातला होता. १९८१ मधल्या त्यांच्या लेखात आहे की ३७ टक्के चुकले, आणि त्यातले बहुतेक एकाच पद्धतीनं: ६व = प. इंग्रजी वाक्यात ‘सहापट’ हे शब्द विद्यार्थ्यांच्या अगदी शेजारी येतात म्हणून असं होत असेल, असं मला पूर्वी वाटायचं. पण मराठीतून विचारलं तरी माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण तसंच लिहीत. मनात चित्र येतं, एक सर आणि समोर सहा मुलं, आणि हात ते चित्र उतरवून काढतो. ‘६व’ म्हणजे त्यांना सहा विद्यार्थी वाटतात. पुन्हा तोच आंबा.

त्यानं काहीही लिहिलं तरी लगेच चूक की बरोबर सांगू नका. कागद लेकीकडे द्या आणि तिला ताळा करायला सांगा: प्राध्यापक १० धर, विद्यार्थी किती असायला हवेत, आणि दादाचं समीकरण काय सांगतंय?